देहभान हरपण्याची किंमत

मराठीत 'देहभान' हा शब्द सहसा एकटा भेटत नाही. तो येतो तोच हरपायला. कीर्तनात देहभान हरपतं, नाटक रंगलं की ते विसरायला होतं, खेळात दंगलेल्या पोराला ते राहत नाही. देहभान 'वाढलं' किंवा 'कमावलं' असं कुणी म्हणत नाही. भाषेनं हा शब्द जणू हरवण्यासाठीच घडवला, आणि हरवणं भाग्याचं मानलं. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याच्या बाबतीत ते खरंही आहे. पण मुक्कामाला त्याच वारकऱ्याचे पाय चेपून द्यायला माणसं बसलेली असतात, हेही तितकंच खरं. देह आपला हिशेब संध्याकाळी मांडतोच.

कचेरीतल्या माणसाचं देहभानही रोज हरपतं. त्याला विठ्ठल लागत नाही, एक्सेलची शीट पुरते.

सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडणारा कुणीही माणूस डोळ्यांसमोर आणावा. पहिली दहा मिनिटं त्याची पाठ खुर्चीला टेकलेली असते. मग एक ईमेल येते, तिचा सूर खटकतो. मान कासवासारखी पुढे येते, खांदे कानांच्या दिशेनं चढतात, दात दातांवर बसतात, श्वास वरच्यावर चालू राहतो. ईमेलला उत्तर जातं, मान मात्र परत जात नाही. साडेसहाला उठताना तो म्हणतो, 'मान धरली.' नऊ तास ती कुणी धरून ठेवली होती, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही.

डोळ्यांचंही तेच. जपानमधल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी १९९३ मध्ये कचेरीतल्या लोकांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर अवघी ७ वेळा. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, मग माणूस चष्म्याचा नंबर तपासायला जातो. पापण्या मिटायच्या राहिल्या हे त्याच्या गावीही नसतं.

हे दुखणं संगणकानं आणलं असं मानायचं कारण नाही. इटलीतल्या मोदेना इथे वैद्यक शिकवणाऱ्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात खाणकामगार आहेत, कुंभार आहेत आणि १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिकही आहेत. लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणं सांगितली: सतत बसून राहणं, हाताची न थांबणारी तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांत बोरूच्या जागी कळफलक आला. कारणांची यादी मात्र आजही कुठल्याही आयटी कंपनीच्या भिंतीवर तशीच्या तशी लावता येईल.

किरकोळ दुखण्यांपैकी बरीचशी दुखणी रोगाची नसतात, सवयीची असतात. अवघडलेली मान, भरून आलेले खांदे, दिवसाअखेर कपाळावर आवळल्यासारखं वाटणारं डोकं, कमरेतली रग. या सवयी ज्याच्या त्याला दिसत नाहीत. त्या दिसू लागल्या तर दुखणं बऱ्याचदा हलकं होतं. आणि त्या दिसाव्यात यासाठी लागणारं साधं शिक्षण घर, शाळा, कचेरी, दवाखाना यांपैकी कुठेही मिळत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण अंगदुखीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला लागू पडत असेल.

पाच ज्ञानेंद्रियं शाळेत पाठ करून घेतली जातात. सहावी एक जाणीव आहे, तिचं नावही कुणी घेत नाही. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावता येतं ते तिच्यामुळे. हात कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, डोकं कुठल्या बाजूला कललं आहे, याच्या बातम्या स्नायू, स्नायुबंध आणि सांधे मेंदूला अखंड पाठवत असतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०६ मध्ये या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिलं. ती गेली तर काय होतं, हे इयन वॉटरमन या इंग्रज तरुणाच्या वाट्याला आलं. १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका तापानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि स्थितीची जाणीव नाहीशी झाली. स्नायू शाबूत होते, पण हात कुठे आहे हे पाहिल्याशिवाय कळेना. अनेक महिन्यांच्या खटपटीनंतर तो डोळ्यांच्या आधारानं, एकेक हालचाल विचारपूर्वक करत चालायला शिकला. खोलीतला दिवा गेला की तो कोसळायचा. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं.

बाकीच्यांकडे हे धन फुकट आहे, आणि म्हणूनच बेवारस आहे. मेंदू सतत तीच येणारी बातमी बाजूला सारतो. अंगातल्या कपड्यांचा स्पर्श सकाळी पाच मिनिटांत जाणवेनासा होतो, तसाच वर उचललेला खांदाही. अर्ध्या तासानं वर उचललेला खांदा हाच 'सरळ' खांदा वाटू लागतो.

दुखणं त्या खांद्यापर्यंत कसं पोचतं, याचं एक स्पष्टीकरण स्वीडनचे संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये मांडलं. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. हलक्या कामासाठी आधी छोटे तंतू जुंपले जातात आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत त्यांना सुट्टी नसते. हेग यांनी या गृहीतकाला सिंड्रेलाचं नाव दिलं. मराठी वाचकाला परीकथेची गरज नाही. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर, ओटा पुसून निजणारी घरातली सून आठवली की झालं. काम जड नसतं, पण संपत नाही. नॉर्वेत पॅकिंगचं हलकं काम करणाऱ्या स्त्रियांच्या खांद्याच्या स्नायूंची विद्युत नोंद घेतली गेली तेव्हा असं दिसलं, की ज्यांच्या स्नायूंना क्षणभराच्या सुट्या कमी मिळत होत्या त्यांना दुखणं जडण्याचा संभव जास्त होता. सुटी म्हणजे चहाची सुटी नव्हे, सेकंदाचा अंश. शिवाय, नुसती तोंडी गणितं घातली तरी खांद्याचा स्नायू आवळतो, हेही प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. हात मांडीवर स्वस्थ असतात आणि खांदा बेरीज करत असतो!

शरीराची ही चोरी पकडणारा सगळ्यांत चिकाटीचा माणूस डॉक्टर नव्हता, नट होता. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर १८६९ मध्ये टास्मानियात जन्मले आणि शेक्सपिअरमधले उतारे रंगमंचावर म्हणून दाखवणं हा त्यांचा व्यवसाय झाला. त्यांचा आवाज बसू लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांतीनं आवाज सुटायचा आणि प्रयोगाच्या मध्यावर पुन्हा बसायचा. यावर अलेक्झांडर यांनी काढलेला निष्कर्ष साधा होता: विश्रांतीत आवाज ठीक असतो, तर बिघाड घशात नाही, बोलताना मी जे काही करतो त्यात आहे. त्यांनी आरसे लावले आणि स्वतःला बोलताना पाहायला सुरुवात केली. तोंड उघडण्याआधीच त्यांचं डोकं मागे ओढलं जायचं, घसा दाबला जायचा, श्वास आवाज करत आत खेचला जायचा. हे टाळायचं ठरवून ते पुन्हा बोलले. आपण ते टाळलं अशी त्यांची खात्री होती. आरशात डोकं पूर्वीपेक्षाही मागे गेलेलं दिसलं.

या कथेतला सगळ्यांत मोलाचा भाग हाच आहे. सवयीनं बिघडलेली जाणीव खोटी साक्ष देते. 'ताठ बसा' असं सांगितलं की माणूस छाती पुढे काढतो, कमर आत घेतो आणि पाच मिनिटांत दमून पुन्हा ढेपाळतो. आपण ताठ बसलो होतो असं त्याला मनापासून वाटत असतं. म्हणून आरसा लागतो, नाहीतर शिकवणाऱ्याचा हात. अलेक्झांडर १९०४ मध्ये लंडनला गेले, तिथे त्यांनी हेच शिकवलं. बर्नार्ड शॉ, ऑल्डस हक्सली, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई असे विद्यार्थी त्यांना मिळाले.

नामवंत विद्यार्थी हा काही पुरावा नाही. पुरावा यायला १०४ वर्षं लागली. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधले ५७९ रुग्ण, सगळे जुन्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या कंबरदुखीचे. चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडले. वर्षभरानंतर विचारलं गेलं, गेल्या चार आठवड्यांत किती दिवस दुखलं? नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं उत्तर २१ दिवस होतं. अलेक्झांडर पद्धतीचे सहा धडे घेतलेल्यांचं ११, चोवीस धडे घेतलेल्यांचं ३. हातचं राखून वाचायला हवं, कारण आपल्याला कुठला उपचार मिळतो आहे हे रुग्णांना ठाऊक होतं आणि एका शिक्षकानं एकाच माणसाला चोवीस धडे देणं हे कुठल्याही सरकारी दवाखान्याला परवडणारं नाही. तरीही ज्या कंबरदुखीनं २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख माणसं ग्रासलेली होती, तिच्या बाबतीत हा आकडा कानाआड करण्यासारखा नाही.

अशा शिकवणाऱ्या हातासाठी महाराष्ट्राला लंडनपर्यंत जायची गरज कधीच नव्हती. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भारतात आले होते. कार्यक्रमांच्या धावपळीनं ते थकलेले होते, अंग आखडलेलं, झोप नीट नाही. मुंबईत त्यांना भेटायला पुण्याहून एक योगशिक्षक आले: बी. के. एस. अय्यंगार. भेटीला पाच मिनिटं दिलेली होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवलं आणि मेन्युहिन गाढ झोपी गेले. पाच मिनिटांची भेट लांबली आणि पुढे दोन वर्षांनी मेन्युहिननी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं. आपल्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास, अशा अर्थाचे शब्द कोरलेलं घड्याळ त्यांनी अय्यंगारांना भेट दिलं. अय्यंगारांना व्हायोलिन येत नव्हतं. धनुकली धरणाऱ्या हातात काय चाललं आहे हे मात्र त्यांना दिसत होतं.

अय्यंगारांचा वर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की तिथे नुसतं 'हात वर' असं होत नसे. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी भार आहे का, टाचेच्या बाहेरच्या कडेवर आहे का, दोन्ही खांद्यांची पाती सारखी खाली आहेत का, अशी उलटतपासणी चाले. पट्टे, ठोकळे, खुर्च्या ही साधनंही त्यासाठीच होती. शरीर जिथे खोटं बोलतं तिथे ठोकळा खरं सांगतो. या परंपरेतल्या शिक्षकांसह ब्रिटनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर चाचणी झाली, २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांत बारा वर्ग. वर्षभर पाठपुरावा. योग करणाऱ्यांचं चालणं, वाकणं, उठणं, कामं करणं इतरांपेक्षा सुधारलं होतं. वेदनेच्या गुणांमध्ये मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

योगाचा जयघोष करणारे हे दुसरं वाक्य गाळतात आणि योगाची टिंगल करणारे पहिलं. खरं तर दोन्ही एकत्र वाचण्यातच गंमत आहे. दुखणं तेवढंच असताना माणूस अधिक वाकू शकतो, अधिक उचलू शकतो, भाजी आणायला जाऊ शकतो, याचा अर्थ दुखण्यानं अडवलेली वाट त्याला मोकळी झाली.

इगतपुरीच्या डोंगरावरही हाच धडा वेगळ्या दारानं येतो. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले धनिक उद्योजक होते. त्यांना अर्धशिशीचा इतका त्रास, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. इलाजासाठी ते देशोदेशी फिरले. अखेर रंगूनमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. बा खिन हे सरकारी महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्य. डोकेदुखी घालवायची म्हणून साधना शिकायची असेल तर येऊ नका, असं त्यांनी आधी सांगितलं. हेतू बदलल्यावर १९५५ मध्ये गोएंकांना प्रवेश मिळाला आणि डोकेदुखीही गेली, असं ते नंतर सांगत. १९६९ मध्ये ते भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र चालू आहे. दहा दिवसांच्या शिबिरात डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत जे जाणवेल ते पाहायचं, त्यावर तुटून पडायचं नाही, एवढंच असतं. 'एवढंच' म्हणणं सोपं, तिसऱ्या दिवशी मांडी घालून बसलेल्याला विचारावं.

बर्मी परंपरेतली ही अंगभर लक्ष फिरवण्याची रीत अमेरिकेतही पोचली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये एक अभ्यासक्रम सुरू केला, खास करून अशा रुग्णांसाठी ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. धर्माचा भाग त्यांनी बाजूला ठेवला. २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ३४२ कंबरदुखी रुग्णांची चाचणी आली. सहा महिन्यांनी हालचालीत लक्षणीय सुधारणा झालेले रुग्ण या अभ्यासक्रमाच्या गटात ६०.५ टक्के होते, मानसोपचारातल्या एका प्रस्थापित पद्धतीच्या गटात ५७.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांवर ४४.१ टक्के. म्हणजे काहीच विशेष न करताही शंभरातले चव्वेचाळीस जण सुधारतात. किरकोळ दुखण्यांच्या बाजारात ज्याची त्याची जाहिरात याच चव्वेचाळिसांवर चालते, हे जाता जाता लक्षात ठेवलेलं बरं.

इथे एखादा अनुभवी फॅमिली डॉक्टर हरकत घेईल आणि ती हरकत वाजवी आहे. तो म्हणेल, 'अहो, माझे निम्मे पेशंट शरीराकडे फार लक्ष देतात म्हणूनच आजारी आहेत.' छातीत जरा टोचलं की ईसीजी, कंबर दुखली की एमआरआय, मग त्या रिपोर्टातला एकेक शब्द मोबाइलवर शोधत रात्र जागायची. हे अगदी खरं. २०१५ मध्ये ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० माणसांचे स्कॅन एकत्र करून पाहिले गेले. मणक्यांमधल्या चकत्या झिजल्याची खूण विशीतल्या ३७ टक्क्यांत होती, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांत. दुखणं कुणालाच नव्हतं. केस पिकावेत तशा चकत्या झिजतात. पण 'झीज' हा शब्द रिपोर्टात एकदा वाचला की माणूस वाकायचं सोडतो, उचलायचं सोडतो, कंबरपट्टा बांधतो आणि न वापरलेली पाठ मग खरोखरच दुखू लागते.

भीती दुखणं उभं करते याचं एक गाजलेलं उदाहरण १९९५ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे. एकोणतीस वर्षांच्या एका बांधकाम मजुरानं उडी मारली ती पंधरा सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर. खिळा बूट फोडून वर आलेला. जरा हलवलं तरी तो ओरडत होता, भुलीचं तीव्र औषध द्यावं लागलं. बूट काढला तेव्हा दिसलं, की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. त्या माणसाच्या वेदना खोट्या होत्या असं कुणीही म्हणू नये. मेंदूनं बूट पाहिला, खिळा पाहिला आणि निकाल देऊन टाकला.

तेव्हा लक्ष देण्याचे दोन प्रकार आहेत. एक पोलिसी: कुठे दुखतंय, किती दुखतंय, वाढलं का, हा काय नवा प्रकार. दुसरं लक्ष गवयाचं. गाताना तो आपल्या सुराकडे कान ठेवतो, घाबरत नाही, सूर हलला की सावरतो. दुखऱ्या खांद्यावर दिवसभर पहारा ठेवल्यानं खांदा अधिक दुखतो. फोन उचलताना तो खांदा काय करतो हे पाहिलं, तर बदलण्याजोगं काहीतरी हाती लागतं. या लेखातला भर दुसऱ्या प्रकारावर आहे.

गवयाच्या या कानासाठी मराठीकडे भांडवल भरपूर आहे. माँट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. वेदनेचं वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द त्यांनी वीस गटांत लावले. ते करताना त्यांना बरेच कष्ट पडले असतील; आपल्याकडे मात्र कुठलीही आजी अंगणात बसल्या बसल्या निम्मी यादी देईल. रग, कळ, चमक, सणक, ठणका, ठसठस, सल, उसण, लचक, ओढ, आग, मुंग्या, गोळा, कणकण. हे समानार्थी शब्द नाहीत. रग लागते ती एकाच जागी फार वेळ राहिल्यानं, ती जागा बदलून मागते. उसण एका हालचालीत भरते. ठसठस नाडीबरोबर चालते, तिच्याखाली सूज किंवा पू असण्याचा संभव असतो. मुंग्या आल्या तर शीर दबली असेल. अंग मोडून आलं तर ताप मोजायचा. हे एक घरगुती निदानशास्त्रच आहे. आता त्याच घरातला नातू डॉक्टरांना सांगतो, 'बॅकमध्ये पेन होतंय.' डॉक्टर विचारतात कसलं, तर तो म्हणतो, 'पेन म्हणजे पेन.' शब्द गेला की जाणीवही बोथट होते, असं मानायला जागा आहे.

एक दुसरा वाक्प्रचार मात्र आपल्या घरांवरचा डाग आहे: दुखणं अंगावर काढणं. तो बहुतकरून बायकांबद्दल वापरला जातो, तोही कौतुकानं. स्वयंपाकघराचा ओटा बांधणाऱ्यानं आपल्या अंदाजानं बांधलेला. बुटकी बाई कणीक मळते ती खांदे उचलून, उंच बाई भांडी घासते ती कमरेतून मोडून. तीस वर्षं. तिला 'खांदे सैल सोडा' हा मंत्र देण्याआधी पायाखाली पाट द्यावा, किंवा परात खाली जमिनीवर घेऊ द्यावी. भान यायचं ते आधी घरातल्या इतरांना यायला हवं.

आणि जिथे ओझंच माणसापेक्षा मोठं आहे तिथे हा विषय काढणं हा उद्धटपणा ठरेल. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी ऊसतोड कामगार स्त्री, कोकणात गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवी राहून लावणी करणारी बाई, गोदीतला हमाल यांना आपलं शरीर काय करतं आहे हे पक्कं ठाऊक असतं. त्यांना हवी आहे ती हलकी मोळी, विसाव्याचा वेळ आणि वेळेवर मिळणारी मजुरी. शहरातल्या कंपन्या दुसऱ्या टोकानं हातचलाखी करतात. मोडक्या खुर्च्या बदलायच्या नाहीत, कामाचे तास कमी करायचे नाहीत आणि शुक्रवारी दुपारी माइंडफुलनेसचं सत्र ठेवायचं. देहभान हे खुर्चीला पर्याय नाही. उलट, ज्याला ते येतं तो खुर्चीबद्दल आधी तक्रार करतो.

मधल्या सगळ्यांसाठी, म्हणजे तुम्हाआम्हांसाठी, घरात बाम असतोच. अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईतच सुरू झालं, म्हणजे चार-पाच पिढ्यांचं कपाळ त्यानं चोळलेलं आहे. त्याला हसण्याचं कारण नाही. मेंथॉल त्वचेतल्या ज्या ग्राहकाला चेतवून गारवा जाणवून देतं तो २००२ मध्ये सापडला, आणि तो शोधणाऱ्या दोघांना, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना, २०२१ चं नोबेल मिळालं. स्पर्श आणि शरीराच्या स्थितीचं भान ज्या प्रथिनावर अवलंबून आहे तेही पॅटापूटियन यांच्याच प्रयोगशाळेत सापडलं, ही या विषयातली सुरेख गाठ. बामनं बरं वाटतं, आणि चोळणाऱ्या हातानं त्याहून बरं वाटतं. फक्त बाम लावून माणूस पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच बाकात बसतो. गोळीचा धोका अधिक आहे. डोकेदुखीवर महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिलं, तर काही महिन्यांत त्या गोळ्याच डोकेदुखी निर्माण करू लागतात.

मग करायचं काय? फारसं काही नाही, हेच अवघड आहे. खालच्या-वरच्या दातांमध्ये विश्रांतीच्या वेळी दोन ते चार मिलिमीटरची फट असायला हवी. दात एकमेकांना टेकायचे ते चावताना आणि गिळताना. हे वाक्य वाचताना बऱ्याच वाचकांचे दात सुटे झाले असतील. तसं झालं असेल तर विषय कळला. फोन वाजला की उचलण्याआधी एक श्वास सोडायचा. लोकलमध्ये वरची कडी धरताना ती किती जोरात धरली आहे ते पाहायचं, निम्म्या जोरातही भागतं. दुचाकी सिग्नलला थांबली की खांदे कुठे आहेत ते बघायचं. पुण्यात सिग्नल भरपूर आहेत. यांपैकी एकालाही वेगळा वेळ लागत नाही, आणि दुरुस्तीची घाईही करायची नाही. नुसतं दिसलं तरी शरीर अर्धं काम आपलं आपण करतं.

काही दुखण्यांत मात्र पाहत बसणं हा गुन्हा आहे. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन, पायातली गेलेली शक्ती, जांघेतला बधिरपणा, लघवी-शौचावरचा सुटलेला ताबा. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. छातीतून जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ. आयुष्यात कधी नव्हती अशी एकाएकी उठलेली डोकेदुखी. यांना बाम नाही, श्वास नाही, थेट डॉक्टर.

उरतो प्रश्न शिकवायचा कुठे हा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. वर्तमानपत्रांतून दप्तरं तोलली जातात, फोटो छापून येतात. ते दप्तर पाठीवर कसं घ्यायचं, एका खांद्यावर लटकवलं की कंबर कुठल्या बाजूला जाते, हे कुणी मुलाला त्याच्या अंगावर दाखवत नाही. शारीरिक शिक्षणाच्या तासाला कवायत होते, तीही शिक्षक गणिताला उसना दिला नसेल तर. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि आठवड्याभरातच, २१ जूनला, योग दिन येतो. मैदानावर चटया अंथरल्या जातात, ड्रोन उडतो, आसनांची संख्या मोजली जाते.

मुख्याध्यापकांना एकच विनंती. यंदा त्या दिवशी ड्रोन खाली उतरल्यावर दहा मिनिटं राखून ठेवावीत. मुलांना दप्तरं अडकवून जोडीजोडीनं उभं करावं. एकानं डोळे मिटून आपला कुठला खांदा वर आहे ते सांगायचं, दुसऱ्यानं पाहून खरं की खोटं ते सांगायचं. मग अदलाबदल. शिक्षकांनीही त्यात भाग घ्यावा, आणि आपलं उत्तर चुकलं तर ते मुलांसमोर कबूल करावं.